पाच आठवड्यांनंतरची मी

पूर्वी ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा स्टेशनांवर वजनाचं एक धिप्पाड यंत्र उभं असायचं. आत लाल-पिवळे दिवे आणि फिरणारी चक्रं, नाणं टाकलं की थोडी खडखड, आणि मग खाली जाड पुठ्ठ्याचं चिमुकलं तिकीट. तिकिटावर वजन असे आणि भविष्यही असे. बहुतेक माणसं आधी भविष्य वाचत आणि मग, धीर गोळा करून, वजन. भविष्य कायम चांगलंच निघे. त्याचा वजनाशी काडीचा संबंध नसे आणि तसा दावाही ते बिचारं तिकीट करत नसे.

आता हे दोन्ही विभाग एकत्र झाले आहेत. खाल्लेलं लिहून घेणारी फोनातली ॲप्स वजनाचंच भविष्य सांगतात. मायफिटनेसपाल नावाच्या अमेरिकी ॲपात दिवसाची नोंद पूर्ण केली की, रोजचा दिवस आजच्यासारखाच गेला तर पाच आठवड्यांनी तुमचं वजन इतकं असेल, अशा अर्थाचं वाक्य यायचं. इतरांच्याही तऱ्हा थोड्याफार अशाच. आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात हे आकडे मेथी निवडता निवडता एकमेकींना दाखवले जातात. कुणी पाच आठवड्यांनी अडुसष्टची असते, कुणी चौसष्टची. सगळ्या पाच आठवड्यांनंतरच्या बायका बारीक असतात. अडचण एवढीच की आठच्या गाडीत चढताना आजच्या बायकांना चढावं लागतं.

त्या वाक्यातली खरी गोम त्याच्या अटीत आहे. रोजचा दिवस आजच्यासारखा! आता, माणूस रात्री प्रामाणिकपणे नोंद पूर्ण करतो तो दिवस कोणता? बहुधा सोमवार. दुधीची भाजी, दोन पोळ्या, ताक, संध्याकाळी नेहरू मैदानाला चार चकरा. आदल्या दिवशी ठाण्याला जाऊन मामलेदारची मिसळ खाल्ली, वर पाव मागवला, तर्री पुन्हा घेतली आणि मग तलावपाळीला फेरी मारली, तेव्हा फोनला सुटी होती. त्यामुळे ॲपची ओळख आपल्यातल्या फक्त सोमवारच्या माणसाशी. वर्षात सोमवार असतात ५२. उरलेल्या ३१३ दिवसांत कोण जेवून गेलं याची ॲपला गंधवार्ता नसते.

शिवाय आमच्या गावाला आजच्यासारखा उद्याचा दिवस मंजूरच नाही. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली आमच्याच डोंबिवलीत सुरू झाली, आणि ती चालून घरी आलं की केलेल्या श्रमांचा परतावा म्हणून श्रीखंड-पुरी. श्रावणात उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांचं पवित्र संमेलन. मग मोदक. मग दिवाळी पहाटेला फडके रोडवर नटूनथटून हजेरी आणि घरी फराळाचे डबे. कल्याणला कामाला जावं तर खिडकी वडा वाटेत आडवा येतो. पाच आठवडे सलग सोमवार राहतील असा पट्टा मी कालनिर्णयात पुष्कळ शोधला. पितृपक्षाकडून आशा होती, पण वडे आणि खीर विसरले होते.

अट बाजूला ठेवली तरी हिशेब उरतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी हे सूत्र मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ साली मांडलं. किलोत सांगायचं तर साधारण ७,७००. त्याच वर्षी इकडे पु.लं.ची ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपात आली, आणि तिच्यात वजन उतरवण्यासाठी केलेल्या उपासाचं एक आख्खं प्रकरण आहे. दोन्ही लेखकांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. पण शरीर, जीभ आणि शेजारी या तिन्हींचा एकत्रित हिशेब पु.लं.नीच जास्त नेमका केला, असं माझं नम्र मत आहे.

विश्नॉफ्स्कींचं सूत्र सरळ भागाकारासारखं वापरलं की काय होतं पाहा. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या की पंधरा-सोळा दिवसांत एक किलो जातो, वर्षात तेवीस किलोंच्या वर. पंचाहत्तर किलोची बाई तीन वर्षं नेटानं तसंच करत राहिली तर तिचं वजन चारेक किलो उरतं आणि नवऱ्याला ती भाजीच्या पिशवीतून आणता-नेता येते. चौथ्या वर्षाबद्दल काही न बोललेलं बरं.

शरीर असं वागत नाही. ते बारीक झालं की त्याला चालवायला, फिरवायला, नुसतं जिवंत ठेवायलाही कमी इंधन लागतं, म्हणजे कालची तूट आज तेवढी तूट राहत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात जे उतरतं त्यात पाणीच पुष्कळ असतं. शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिनं धरून ठेवलेलं पाणी सोबत जातं. काटा झरझर खाली येतो, भाकीत आणखी गोड होतं. पण त्यावरून पुढचा अंदाज बांधणं म्हणजे कल्याणहून सुटलेल्या जलद गाडीचा डोंबिवलीपर्यंतचा वेग पाहून ती सीएसएमटीला कधी पोचेल हे छातीठोक सांगणं. दिवा, मुंब्रा आणि सिग्नल ही मंडळी त्यात धरलेलीच नसतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही मंडळी धरून गणित मांडलं. रोजच्या खाण्यातून सुमारे २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या की शेवटी एक किलो उतरतो. त्यातला अर्धा पहिल्या वर्षात, जवळजवळ पूर्ण तीन वर्षांत. म्हणजे ५०० कॅलरींचा तोच निग्रह वर्षाच्या शेवटी तेवीस नव्हे, दहा किलोंच्या आसपास देतो. आणि २४ कॅलरी म्हणजे किती? दीडेक चमचा साखर. एका चहातली साखर आयुष्यभरासाठी सोडायची, तीन वर्षं थांबायचं आणि किलोभर हलकं व्हायचं. हे भविष्य बरंच खरं आहे, म्हणूनच ते कुठल्या ॲपच्या पहिल्या पानावर चमकत नाही.

आणि हे सगळं खाल्लेलं मोजता आलं तर. ॲप विचारतं, आमटी किती वाट्या? आमच्या घरात वाटी नावाची किमान तीन मापं आहेत, त्यातली एक लग्नात रुखवतात आलेली. पोळी लहान, मध्यम की मोठी? ते लाटणाऱ्याच्या मनःस्थितीवर आहे. फोडणीत तेल किती? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अगं, लागेल तेवढं.” हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते काढले आहेत, उत्तम काम आहे, पण ‘लागेल तेवढं’ हे माप त्यांनाही बसवता आलं नसतं. या बाबतीत डोंबिवलीची पोळी-भाजी केंद्रं मात्र विज्ञानाला जवळची. तिथली पोळी रोज त्याच आकाराची, त्याच जाडीची, कोरडी. ज्या घरी पोळ्या केंद्रातून येतात त्या घराचं भाकीत निदान पोळीपुरतं तरी भरवशाचं मानावं.

मोजणाऱ्याचीही एक बाजू आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली काही लठ्ठ माणसांची तपासणी झाली. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेले श्रम ५१ टक्क्यांनी जास्त. यातली बहुतेक खोटारडी नसावीत. शेवटचा भजीचा तुकडा ‘उरलाय म्हणून’ तोंडात टाकला तर तो खाल्ला असं कुणाही सुगृहिणीला वाटत नाही. तो संपवलेला असतो.

महाराष्ट्रानं या मोजामोजीवर आपल्या पद्धतीनं उत्तर शोधलं. काही वर्षांपूर्वी घराघरांत दीक्षित की दिवेकर असा सामना रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणत थोड्या थोड्या वेळानं खा आणि तुपाला भिऊ नका. एकाच सोसायटीत दोन पक्ष पडले आणि हळदीकुंकवाला काय ठेवावं हा प्रश्न अवघड झाला. दोन्ही पक्षांत कॅलरी मोजायची सक्ती नव्हती, हा त्यांच्या लोकप्रियतेतला दुर्लक्षित भाग. मराठी माणूस घड्याळ पाळेल, पण तोंडात घास असताना हिशेब करणार नाही. आमच्या शेजारच्या काकांनी दोन्ही पंथ एकदम स्वीकारले होते: दोनदा जेवायचे आणि मधल्या वेळात थोडं थोडं खायचे.

मग भाकितानं हुरूप येतो का? येतो, पहिले काही दिवस भरपूर. पुढची गोष्ट अमेरिकेतल्या १९९७ सालच्या एका अभ्यासात सापडते. उपचारांना आलेल्या साठ बायकांना आधीच विचारलं होतं, स्वप्नातलं वजन कोणतं, आनंदाचं कोणतं, चालेल असं कोणतं आणि निराश करील असं कोणतं. ४८ आठवड्यांत त्यांनी सरासरी सोळा किलो घटवले. सोळा! आमच्या डब्यात कुणी सोळा किलो उतरवले तर पेढे वाटले जातील. पण त्यांतल्या ४७ टक्के बायका आपण ठरवलेल्या निराशेच्या आकड्यापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. मला वाटतं, चांगल्या कमाईला नापास ठरवायची सोय भाकितानं आधीच करून ठेवलेली असते.

लिहून ठेवण्याचं मात्र तसं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत जवळजवळ सतराशे माणसं होती. त्यांत रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या दुपटीनं उतरलं. त्या वह्यांत भविष्य नव्हतं, नुसतं खाल्लेलं होतं. यामागचं कारण मला तरी आळसच दिसतो. दुसरा बटाटेवडा घ्यायचा तर पुन्हा फोन काढा, चष्मा लावा, वडा शोधा, त्यात जंबो की साधा ते निवडा. त्यापेक्षा नको तो वडा.

गेल्या शुक्रवारी डब्यात एकीचा वाढदिवस होता. समोसे, वेफर्स, केक असा रीतसर बेत. आमच्यातली जी पाच आठवड्यांनी चौसष्टची होणार होती, तिनं समोसा हातात धरून ॲप उघडलं, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, “अय्या, समोसा टाकल्यावर पाच आठवड्यांनी मी सहासष्टची होतेय.” तोवर मुलुंड गेलं होतं. कुणीतरी तिला म्हणालं, “आधी खा गं, घाटकोपरला उतरायचंय ना तुला?”