बॅकअपनाना

कोरीट गावात नानांच्या ओट्यावर टेकलात की चहाच्या आधी प्रश्न येतो, "बॅकअप शे का?" तुम्ही नवा मोबाइल घेतलेला असो की पोराचं लग्न ठरवलेलं, नानांची काळजी एकच.

ही बॅकअपवाल्यांची जात जुनीच. पूर्वी हीच मंडळी सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून एक पत्र्याच्या पेटीत, एक देव्हाऱ्यामागे आणि एक नंदुरबारच्या मेहुण्याकडे ठेवत. संगणकवाले त्यालाच तीन-दोन-एकचा नियम म्हणतात : तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर. नियम नानांना तोंडपाठ. फक्त त्यांचं 'घराबाहेर' म्हणजे गोठा. तिथं सरकीच्या पोत्यामागे, खताच्या पिशवीत गुंडाळलेली एक हार्डडिस्क असते.

व्हायरसमुळे पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायला लागले तेव्हा वैतागून नानांनी विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. तेव्हापासून गावातल्या पोरांची शिकवणी चालू. आरसिंक ही फायलींच्या प्रती काढणारी १९९६ सालची आज्ञा ते अशी समजावतात : "फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली, तर पोत्यातलं धान्य ओतलं. नाही दिली, तर पोतंच उचललं." याहून चांगलं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. स्वतः मात्र नाना आरसिंक टाइप करत नाहीत. टाइमशिफ्ट या बॅकअप प्रोग्रॅमचं बटण दाबतात आणि पेपर वाचायला घेतात.

हाच माणूस मे महिन्यात सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायचं, कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. घरच्या बियाण्यावरसुद्धा नानांचा डोळे झाकून विश्वास नाही. पण बॅकअपचं गोणपाट त्यांनी कधी उलगडून पाहिलं नव्हतं.

एकदा अपडेट चालू असताना लाइट गेली. परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरं. पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून टाइमशिफ्टनेच गाडी रुळावर आली असती. पण माणूस बॅकअपवाला पडला ना! "बॅकअप शे," म्हणत नानांनी अख्खी डिस्क पुसून मिंट नव्यानं टाकलं आणि मग टाइमशिफ्टला हाक मारली.

टाइमशिफ्ट धावून आलं. प्रिंटर आला, मराठी फॉन्ट आले, पासवर्डसुद्धा जुनाच. होम फोल्डर तेवढं धुतल्या ताटासारखं स्वच्छ! टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं. घरच्या फायली घ्यायच्या का, हे ते सुरुवातीलाच विचारतं आणि खूण आधीपासून 'नको'वर असते. नानांनी तेव्हा न वाचता 'पुढे' दाबलं होतं. गोठ्यातली डिस्क आणली. तिच्यातही तीच सिस्टिम, शेणाच्या वासासकट.

काकूंनी आतून विचारलं, "बठ्ठं उनं का?"

"सिस्टिम उनी," नाना म्हणाले.

पोरीच्या हळदीचे फोटो होम फोल्डरमध्ये होते. मग पुसलेल्या फायली शोधणारं फोटोरेक दोन रात्री चाललं. ते फाइलचं नाव पाहत नाही, डिस्कवरच्या मजकुराच्या ठेवणीवरून फोटो ओळखतं. म्हणून फोटो आले, पण नावं गेली. हळद, वरात, मधेच ट्रॅक्टरच्या पावत्या आणि मिरचीच्या पथारीचे फोटो, सगळ्यांना नुसते आकडे. काही फोटो निम्मेच आले : वर मावशीचा अंबाडा, खाली करडा पट्टा.

तिसऱ्या दिवशी गेलो तर नाना वही घेऊन बसलेले. एकेक फोटो उघडायचा, रेघ मारायची. चहा आला नि गेला, मला काही विचारलंही नाही. शंभर झाल्यावर मावशीपाशी अडले.

"अर्धा कोंब धरायचा का?"

मी म्हटलं, "नका धरू."

"त्र्याहत्तर," नानांनी वही मिटली. "पेरायला हरकत नाही."