सिडकोत शिरलेलं लंडन

अहो, ऐकलंत का? छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या चांगल्या घरच्या, वेळेवर पेन्शन मिळणाऱ्या, चतुर्थीचा उपास न चुकवणाऱ्या माणसांना इंग्लंडच्या राजकारणाचा नाद लागलाय. खोटं वाटत असेल तर संध्याकाळी कॅनॉटच्या बागेला एक चक्कर मारून या. पूर्वी त्या बाकांवर गुडघे, शुगर आणि सुनांचे स्वभाव एवढेच विषय निघायचे. आता एक काका लांबूनच दुसऱ्या काकांना ओरडून सांगतात, "अँजेलाबाई गेल्या हो!" समोरचा दचकतो. खिशातला रुमाल काढत हळू आवाजात विचारतो, "कधी? आणि नेणार किती वाजता?"

गेल्या म्हणजे खुर्चीवरून गेल्या. अँजेला रेनर, ब्रिटनच्या उपपंतप्रधान, वर गृहनिर्माण खातंही त्यांच्याकडंच. बाईंनी होव्ह नावाच्या समुद्रकाठच्या गावात आठ लाख पौंडांचा फ्लॅट घेतला, त्यावरचं मुद्रांक शुल्क सुमारे ४० हजार पौंड कमी भरलं गेलं, आणि ५ सप्टेंबर २०२५ला राजीनामा देऊन त्या मोकळ्या झाल्या. आमच्या गल्लीत एक गृहस्थ रजिस्ट्री ऑफिसातून निवृत्त झालेत. बातमी कळली त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणतात. रेडी रेकनरचा भाव आणि खरा भाव यांच्या मधल्या फटीत ज्यांनी अख्ख्या वसाहती उभ्या राहताना पाहिल्या, त्यांना हा धक्का सोसणार कसा? "फरक भरायचा, दंड भरायचा, पावती घ्यायची, विषय संपला. राजीनामा कशापायी?" असं ते अजून भेटेल त्याला विचारतात.

बरं, हे काय एकच प्रकरण आहे? बोरिस जॉन्सनांचा केक घ्या. जून २०२०मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, कचेरीतल्या माणसांनी त्यांचा वाढदिवस साजरा केला. एप्रिल २०२२मध्ये पोलिसांनी त्यापायी पंतप्रधानांना ५० पौंडांचा दंड ठोकला. त्याच खोलीत होते म्हणून अर्थमंत्री ऋषी सुनक यांनाही दंड. शेजारच्या मामींनी ही कथा तोंडावर पदर धरून ऐकली आणि एवढंच विचारलं, "पण केक कापला कशानं?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं भाऊंचा वाढदिवस म्हटलं की चौकात फ्लेक्स, डीजे, आणि केकवर तलवार. फार बोभाटा झाला, रील फिरली, तर शस्त्रबंदीचा गुन्हा. नुसता सुरीनं कापलेला केक, तोही घरातल्या घरात, फटाके नाहीत, रस्ता बंद नाही, आणि त्यावर देश पेटतो? मामींना हे लोक जरा दुबळेच वाटतात.

चष्म्याचं तर विचारूच नका. कीर स्टार्मर जुलै २०२४मध्ये पंतप्रधान झाले, आणि दोन-तीन महिन्यांत लोकांनी त्यांचा चष्मा काढला. एका धनाढ्य देणगीदारानं दिलेले, २,४८५ पौंडांचे चष्मे. म्हणजे आपले अडीच लाखांच्या वर. शिवाय सूट, शिवाय टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाची तिकिटं. हे सगळं त्यांनी नोंदवहीत लिहून दिलेलं होतं, हा खरा चमत्कार. कॅनॉटवर सगळ्यात जास्त खळबळ चष्म्यानं माजली नाही, नोंदवहीनं माजली. "घेतलं ते घेतलं, वर लिहून दिलं? काय माणसं आहेत!"

दर बुधवारी लंडनमध्ये दुपारी १२ वाजता पंतप्रधानांना संसदेत उभं करून प्रश्न विचारतात. आपल्याकडं तेव्हा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे नेमकी चहाची वेळ. आता बुधवारी दळण कोण आणणार यावरून घराघरांत कुरबुरी आहेत. ज्यांना जिल्हा परिषदेचा अध्यक्ष कोण हे पटकन सांगता येत नाही, ते सभापतीच्या 'ऑर्डर, ऑर्डर'ची नक्कल करून दाखवतात, नातवंडांना गप्प करायलाही तेच वापरतात. आणि लॅरी! १० डाउनिंग स्ट्रीटवर २०११पासून उंदीर पकडायच्या हुद्द्यावर असलेला बोका. कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर, इतके साहेब त्यानं पाहिले. महसूल खात्यात ३५ वर्षं काढलेल्या एका काकांना तो डोळ्यांसमोर नको. "तीन वर्षांत आमची बदली वैजापूरहून सोयगावला. हा एकाच बंगल्यावर! याच्या मागं आहे कोण?"

आता हे खूळ आमच्याच शहरात का फोफावलं, यावर माझं एक मत आहे. पुण्या-मुंबईवाल्यांनी दीडशे वर्षं इंग्रजांच्या नावानं बोटं मोडून घेतली. आम्हाला ती संधी मिळालीच नाही. आमच्यावर राज्य निजामाचं. इंग्रज साहेब छावणीत कवायत घ्यायचे, पण गाऱ्हाणं करायचं तर हैदराबादच्या नावानं. स्वातंत्र्यसुद्धा १७ सप्टेंबर १९४८ला, बाकीच्या देशाच्या १३ महिने मागाहून. मराठवाड्याचा अनुशेष म्हणतात तो फक्त रस्ते आणि सिंचनाचा नाही. इंग्रजांना शिव्या द्यायचाही आमचा अनुशेष आहे, आणि तो भरून काढायचं काम सध्या युद्धपातळीवर सुरू आहे. हक्काचा असा एक जॉन स्मिथ काय तो सापडतो. एप्रिल १८१९मध्ये शिकारीच्या नादात आला, अजिंठ्याची लेणी त्याच्या नजरेस पडली, आणि दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून गेला. सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरांना पहारेकरी ओरडतात तेव्हा मला त्याची हटकून आठवण होते.

अर्थात पोटातलं दुखणं वेगळं आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा मुलगा लेस्टरला, कुणाची मुलगी स्लाऊला. कर्ज काढून एमएस्सीला पाठवलेली. त्यामुळं तिकडं गृहमंत्र्यानं शिंक दिली की इकडं सिडकोच्या एन-५मध्ये सर्दी होते. जानेवारी २०२४पासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायकोला सोबत नेता येईना. एप्रिल २०२४ला कामगार व्हिसासाठी पगाराची अट ३८,७०० पौंडांवर गेली, जुलै २०२५मध्ये ४१,७००वर. एका मावशींच्या मुलाची सोयरीक या आकड्यांत अडकली. मुलीकडचे आता पत्रिका नंतर बघतात, आधी पगाराची स्लिप मागतात.

यातली पहिली वाढ जाहीर झाली ती सुनकांच्या कारकिर्दीत, याचा राग मोठा विलक्षण आहे. २४ ऑक्टोबर २०२२, ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. पक्षानं त्यांना नेता निवडलं, आणि आमच्याकडं फराळाची ताटं वाटताना बायका एकमेकींना 'जावई लागला हो मार्गी' असं सांगत होत्या. सुधाताई मूर्तींचा जावई म्हणजे सगळ्यांचाच जावई. धोंड्याच्या महिन्यात त्याला वाण द्यायचं तेवढं बाकी होतं. आणि त्यानंच आमच्या पोरांच्या बायका अडवल्या? २२ मे २०२४ला भर पावसात, छत्रीशिवाय, निथळत त्यांनी निवडणूक जाहीर केली, तेव्हा मामी टीव्हीसमोरून उठून गेल्या. "घरात एकाला छत्री सुचू नये?" हे राजकारणावरचं भाष्य होतं की सासरवाडीवरचं, ते कळलं नाही.

पाण्यावर आलं की मात्र काका मंडळींना अक्षरशः उकळी फुटते. जुलै २०२५मध्ये यॉर्कशायरात टंचाईपायी पाण्याच्या नळीवर बंदी आली. टंचाई म्हणजे काय, तर बागेला नळीनं पाणी घालायचं नाही, गाडी नळीनं धुवायची नाही; धुतलीच तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. घरातला नळ चोवीस तास चालू. ही बातमी वाचून आमच्याकडं काही जणांना ठसका लागला. पैठणला नाथसागर शिगोशीग भरलेला असतो, तिथून शहर पन्नासेक किलोमीटर, आणि नळाला पाणी कुठं पाच दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी. समांतर जलवाहिनीचं कंत्राट झालं, २०१६मध्ये मोडलं. मग १,६८० कोटींची नवी योजना, डिसेंबर २०२०मध्ये भूमिपूजन, आणि बघता बघता ती २,७४० कोटींची झाली. इथली दोन पिढ्यांची मुलं 'पाणी आलं!' या आरोळीवर पहाटे उठायला शिकली. पण राग कुणावर निघतो? थेम्स वॉटरवर! त्या कंपनीवर कर्जाचा डोंगर, नद्यांत मैलापाणी सोडलं म्हणून आणि भागधारकांना लाभांश वाटला म्हणून मे २०२५मध्ये १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड. "लाज वाटायला पाहिजे," खाम नदीच्या पुलावरून स्कूटर नेताना नाकाला रुमाल लावून काका म्हणाले.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र आमचा सल्ला फुकट नसून अनुभवाचा आहे. मार्च २०२५मध्ये बर्मिंगहॅमच्या सफाई कामगारांनी बेमुदत संप पुकारला. काळ्या पिशव्यांचे ढीग, त्यांत मांजराएवढे उंदीर, असं वर्णन आलं. त्या महानगरपालिकेनं २०२३मध्येच तिजोरी रिकामी झाल्याचं जाहीर केलं होतं. आम्ही फेब्रुवारी २०१८ पाहिलाय. कचरा डेपोवर येणाऱ्या गाड्या नारेगावकरांनी अडवल्या, आणि कचरा महिनोन्‌महिने शहरातच फिरत राहिला. मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार झाला तो वेगळाच. म्हणूनच संपाच्या दिवसांत बर्मिंगहॅमला असलेल्या भाच्याला इथून व्हॉइस मेसेज गेले: ओला वेगळा ठेव, सुका वेगळा ठेव, आणि रात्री बारानंतर दुसऱ्याच्या गेटसमोर ठेवू नकोस, सीसीटीव्हीत येतो.

पंतप्रधान टिकत नाहीत, ही तक्रार मात्र आमच्याकडं कुणी फार मनावर घेत नाही. लिझ ट्रसबाई ४९ दिवसांत गेल्या, एका वर्तमानपत्रानं त्यांच्यासमोर कोबीसारख्या दिसणाऱ्या सॅलडच्या गड्ड्याची शर्यत लावली आणि गड्डा जिंकला. जगभर हसू झालं. आमच्या लोकांनी शांतपणे २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटेच्या शपथविधीची आठवण दिली: ते सरकार ८० तासांचं. ८० तासांत कोथिंबीरसुद्धा सुकत नाही. पक्षांतराचंही तेच. तिकडं ली अँडरसन नावाचा एक खासदार मजूर पक्षातून हुजूर पक्षात, हुजूरमधून रिफॉर्म पक्षात गेला म्हणून अग्रलेख! जून २०२२मध्ये आमच्या एकट्या जिल्ह्यातले पाच आमदार सुरतमार्गे गुवाहाटीच्या वाटेला लागले होते. अशा जिल्ह्याला ली अँडरसन काय शिकवणार?

एका बातमीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. २४ जुलै २०२५ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरचा १५० टक्के कर आधी ७५वर, मग दहा वर्षांत ४०वर येणार, एवढी माहिती चतुर्थीवाल्यांनाही तोंडपाठ आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं हे शहर. २०१६च्या दुष्काळात हायकोर्टानं त्यांच्या पाण्याला कात्री लावली होती. त्यामुळं स्कॉचची बातमी वाचल्यावर एक सुस्कारा सोडून काका म्हणाले, "निदान त्यांच्या बाटलीला पाणी त्यांचंच."

मी एकदा खोचकपणे विचारलं, एवढा अभ्यास वॉर्डाचा का करत नाही? एप्रिल २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक होता, तेव्हा तुम्ही कुणी ब्र काढला नाही. बाकावर शांतता पसरली. मग रजिस्ट्रीवाले गृहस्थ इकडं तिकडं बघून म्हणाले, "स्टार्मरचा कार्यकर्ता गुलमंडीला राहतो का?" मुद्दा बिनतोड होता. इथल्या भाऊंबद्दल बोलायचं तर शेजारच्या बाकावर त्यांचा साडू निघतो, ग्रुपवर टाकलं तर अॅडमिन त्यांचा चुलतभाऊ निघतो. लंडनचं तसं नाही. पोट भरून शिव्या द्या, घरी जाऊन शांत झोपा, सकाळी दारात कुणी उभं नाही. त्यांच्या ग्रुपचा नियमच ठरलाय: शुभेच्छा, श्रद्धांजली आणि ब्रिटन. बाकी काही टाकल्यास काढून टाकण्यात येईल.

आणि गंमत अशी, की तिकडच्या पोरांचं उलटं चाललंय. रविवारी रात्री लेस्टरहून फोन आला. मुलगा विचारतो, "बाबा, आपल्या वॉर्डात काय चाललंय? पाइपलाइन कुठवर आली? आणि आपली घरपट्टी भरलीत का?"

"ते असू दे रे," काका म्हणाले, "तुमच्याकडं कौन्सिल टॅक्स वाढवलाय म्हणे. आणि तुम्ही लोक ऐकून घेता?"