सव्वानऊची ड्युटी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला कर्ता माणूस पूर्वी सकाळी सव्वानऊला घराबाहेर पडायचा. कुणी उद्यमनगरच्या वर्कशॉपात, कुणी बँकेत, कुणी मेन रोडवर दुकानाचं शटर वर करायला. आता सव्वानऊला शेअर बाजार उघडतो, म्हणून माणूस मोबाईल घेऊन खोलीत शिरतो. साडेतीनला सुट्टी. शनिवार-रविवार बंद, वर साहेब नाही, रजेचा अर्ज नाही. सरकारी नोकरीचे सगळे गुण आहेत. पगाराचं तेवढं विचारू नका.

जनता बाजार चौकातल्या चहाच्या गाडीवर मंगळवारी दुपारी उभं राहावं. मंगळवार मुळात अंबाबाईचा वार. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या ऑप्शन्सची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याची वेळही त्याच दिवशी आली आणि नवसांची संख्या जरा वाढली.

"भावा, कॉल झिरो झाला."

"स्टॉपलॉस लावला नव्हतास?"

"लावलावता. काढला. वाटलं परत वर यील."

"मग?"

"मग काय, ॲव्हरेज केलं."

दोन हजार मिळाले की हिरव्या आकड्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला, खाली 'नाद खुळा'. बुडाले त्या दिवशी स्टेटसला सुविचार. गल्लीतली जाणती माणसं आता सुविचार वाचूनच बाजार किती पडला ते ओळखतात.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी ही मात्र भलतीच अपशकुनी संस्था. सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखभरापेक्षा जास्त कमावणारे फक्त एक टक्का. राजारामपुरीत हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. फक्त तो एक टक्का आपल्याच गल्लीत राहतो, याविषयी प्रत्येक गल्लीची खात्री आहे. तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले, असंही सेबी म्हणते. यात नवल ते काय? कोल्हापूरकर हरून घरी जातो होय?

समोर कोण बसलंय, हे मात्र गाडीवर कुणी विचारत नाही. २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांनी या खेळात सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा काढला, आणि त्यातला ९७ टक्के आपोआप सौदे करणाऱ्या यंत्रांनी. आपला भाऊ चहाचा कप खाली ठेवून अंगठा टेकवेपर्यंत तिकडचा सौदा होऊन गेलेला असतो.

तरी हा धंदा खात्रीचा नाही असं कोण म्हणेल? त्याच वर्षी माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसत्या दलाली-कर-शुल्कात गेले. भाऊ जिंको वा हरो, दलालाची चूल पेटतेच. ट्रेडिंग शिकवणाऱ्या क्लासवाल्याचीही. आणि स्वतः हरायचा कंटाळा आलेल्यांसाठी 'तुमचे पैसे आम्ही बाजारात लावतो, दरमहा परतावा घ्या' म्हणणारेही कोल्हापुरानं पाहिलेत. ए. एस. ट्रेडर्सवर २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला, तेव्हा ठेवीदारांच्या रांगेत किती शिकलेली माणसं होती ते आठवा.

खरी अडचण येते ती मुलगी बघायला गेल्यावर. परवा अशाच एका बैठकीत मुलीचे कागलचे मामा होते. ऊसवाले.

"पोरगं करतंय काय?"

"ट्रेडिंग करतो, मामा. फुल टाइम."

"आमच्या उसाला एफआरपी हाय, सरकारनं ठरवलेला दर. कारखान्याला ऊस घातल्यापास्नं चौदा दिवसांत पैसं द्यायचा कायदा हाय. कारखान्यानं न्हाई दिलं, तर आम्ही रस्त्यावर बसतो. तुझं बुडालं, तर तू कुणाच्या दारात बसणार?"

पोरानं आयटीआर दाखवावा, असंही मामांनी सुचवलं. पोरगं म्हणालं, स्क्रीनशॉट आहेत.

शेवटी मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "तसं माझं पेन्शन आहे. जिल्हा परिषदेचं. महिन्याच्या महिन्याला येतं."

मामांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. "आता कसं बोललासा! किती बसतंय?"