नापासांची गुणवत्ता यादी

मराठी मध्यमवर्गीय घरात ब्रँडीचा प्रवेश औषधाच्या कपाटातून होतो. अमृतांजनच्या मागे, कुणाला दिसणार नाही पण सगळ्यांना माहीत असेल अशा जागी तिची चपटी बाटली असते. पडसं झालं की एक चमचा, बाळंतिणीला एक चमचा, आणि आजोबांना रोज रात्री, कारण आजोबांचं पडसं बारमाही. सरकारचाही याला पाठिंबा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला जो परवाना लागतो, तो प्रकृती टिकवण्यासाठी म्हणूनच दिला जातो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी परमिट रूममध्ये चकण्याच्या बशीभोवती बसलेली मंडळी कायद्याच्या नजरेनं उपचार घेत असतात.

अशा संस्कारांत वाढलेला माणूस स्पेनच्या दक्षिण टोकाला, हेरेस दे ला फ्रोंतेरा या गावात जाऊन पोचला की पहिले काही तास त्याला उगाचच अपराधी वाटतं. सकाळचे अकरा वाजलेले, आणि चौकात पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले आजोबा ऑलिव्ह चघळत उघड्यावर शेरी पीत बसलेले. खोकत कुणीच नव्हतं.

हेरेस, सानलूकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही कादिस प्रांतातली तीन गावं म्हणजे शेरीचं घर. इथली माती चुनखडीची, पांढरीफेक. तिचं नाव आल्बारिसा. पावसाचं पाणी पिऊन ठेवते आणि कडक उन्हाळ्यात वेलीला पुरवून पुरवून देते. माती अशी हुशार, पण तिच्यात उगवणारं पालोमिनो हे द्राक्ष मात्र मठ्ठ. त्याची ताजी वाइन प्यायली तर “बरं, मग?” एवढंच तोंडून निघतं. असल्या विद्यार्थ्याला आपण चांगल्या क्लासला घालू. हेरेसवाले त्याला सरळ वाईट संगतीत सोडतात.

वाइनच्या कुठल्याही पुस्तकात तीन गोष्टी बजावलेल्या असतात. हवा लागू देऊ नका, वेगवेगळ्या सालांची सरमिसळ करू नका, उकाड्यात ठेवू नका. हेरेसमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, आणि पिंपं मात्र गार तळघरात नाहीत, जमिनीवर, उंच छताच्या बोदेगांमध्ये. गारवा काय तो समुद्राकडून येणाऱ्या पोनिएंते वाऱ्याचा आणि खालच्या पिवळ्या वाळूवर शिंपडलेल्या पाण्याचा. पिंप ६०० लिटरचं, पण भरायचं ५०० पर्यंतच. उरलेल्या जागेत मुद्दाम हवा. सालांची सरमिसळ हा तर सगळ्या कारभाराचा पाया.

त्या मोकळ्या हवेत वाइनवर यीस्टची पांढरट, सुरकुतलेली साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. दुसऱ्या एखाद्या प्रांतातल्या वाइनवाल्याला हे दृश्य दिसलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावून पिंप मोरीत ओतलं असतं. इथं तिची बडदास्त चालते. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास ठेवलं की साय सुखात जगते, वाइनला हवेपासून झाकते आणि भाडं म्हणून तिच्यातलं ग्लिसरॉल खाऊन टाकते. उरते ती फिकट, खडखडीत कोरडी फिनो. अल्कोहोल १७ टक्क्यांच्या वर नेलं की सायीचा जीव जातो, वाइन हवेत उघडी पडते आणि वर्षानुवर्षं करपत करपत तपकिरी होते. ती ओलोरोसो. लहानपण सायीखाली गेलं आणि पुढे छत्र हरपलं, ती आमोंतियादो. आणि एक असते पालो कोर्तादो. तिला फिनो व्हायला ठेवलेलं असतं, पण मध्येच तिचं मन बदलतं. वास आमोंतियादोचा, अंग ओलोरोसोचं. बोदेगाचा जाणता माणूस पिंपावर खडूनं एक तिरकी रेघ ओढतो, त्या रेघेला आडवी काट मारतो आणि तिला वेगळी काढतो. आपल्याकडे अशा मुलाला ‘धड ना इकडचा ना तिकडचा’ म्हणून मामाच्या दुकानात बसवतात. तिकडे त्याची किंमत चढी लागते.

सरमिसळ कशी, तर पिंपांच्या ओळी असतात. सगळ्यांत जुन्या ओळीला सोलेरा म्हणायचं, बाकीच्या क्रियादेरा. बाटल्या भरायला सोलेरातून थोडी वाइन काढायची, तेवढीच तिच्या आधीच्या ओळीतून तिथं भरायची, त्या ओळीत तिच्या आधीच्या ओळीतली, आणि शेवटच्या ओळीत या वर्षीची नवी. कुठलंच पिंप कधी पूर्ण रिकामं होत नाही. गाइडबाई बाणांची आकृती दाखवत हे समजावत होत्या. आमची ही माझ्या कानाशी लागली, “अहो, म्हणजे विरजणच की!” मी आकृतीकडे बघणं सोडून दिलं.

आता विरजणाचं वय काय सांगणार? पण माणसाला वय लागतंच, विशेषतः किंमत लावायची असली की. म्हणून २००० साली तिथल्या नियामक मंडळानं दोन पदव्या काढल्या: सरासरी वय निदान २० वर्षं असेल तर व्हीओएस, ३० असेल तर व्हीओआरएस. बोदेगावाल्याच्या शब्दावर कुणी विसंबत नाही. तज्ज्ञांचं मंडळ चव घेतं, प्रयोगशाळेत कार्बन-१४ ची चाचणी होते. शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख लागलेल्या आमच्या पिढीला असली कडक तपासणी झेपली नसती.

प्रत्यक्ष चव घेण्याचा विधी मात्र बघण्यासारखा. लांब लवचीक दांडीच्या टोकाला चिंचोळी वाटी असलेलं वेनेन्सिया नावाचं साधन पिंपाच्या तोंडातून सायीला धक्का न लावता आत जातं, वर येतं, आणि मग तो माणूस हात डोक्यावर नेऊन कमरेपाशी धरलेल्या छोट्या ग्लासात धार सोडतो. थेंब सांडत नाही. माझ्या शेजारी एक इंग्रज गृहस्थ वही उघडून बसले होते. प्रत्येक ग्लासाला ते नाक खुपसायचे, डोळे मिटायचे आणि बायकोला काहीतरी सांगायचे. वार्निश. संत्र्याची साल. आयोडीन. जुनं ग्रंथालय. आयुष्यात ग्रंथालय प्यायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर जुन्या आमोंतियादोचा पहिला घोट हा अपमान असतो. रंग मधाचा, वास भाजलेल्या अक्रोडांचा, म्हणून जीभ गोडाच्या तयारीत बसलेली असते. आणि येतं ते करकरीत कोरडं, खारट, कडवट, जिभेच्या कडा आवळणारं काहीतरी. पिंपाच्या लाकडातून वर्षानुवर्षं पाणी उडून जातं, मागे राहिलेला अर्क घट्ट होत जातो आणि अल्कोहोलही २० टक्क्यांच्या वर चढतं. नाकानं एक सांगावं आणि जिभेनं दुसरंच ऐकावं, हा गोंधळ दोन-तीन घोट चालतो. मग एकदम दोघांचं जमतं आणि तो घोट गिळून झाल्यावरही पुढची काही मिनिटं तोंडात बोलत राहतो. माझं मत विचाराल तर तीस वर्षांची ओलोरोसो ही या सगळ्या घराण्यातली कर्ती बाई. बाकीचे सगळे चमकतात, घर ती चालवते.

शेवटी आली पेद्रो हिमेनेस. काळीकुट्ट, ग्लासाला चिकटून सावकाश उतरणारी, लिटरमागे ४०० ग्रॅमच्या वर साखर. या जातीची द्राक्षं चटयांवर उन्हात पसरून मनुका होईपर्यंत वाळवतात, असं गाइडबाई म्हणाल्या आणि ही एकदम ताठ झाली. हिचं माहेर तासगाव. बेदाण्याच्या शेडमध्ये बालपण गेलेलं.

“उन्हात? उघड्यावर?” हिनं मला विचारायला लावलं.

“उन्हात, सेन्योरा.”

“काळा पडेल की माल.”

बरोबरच होतं. तासगावच्या बाजारात हिरव्यागार बेदाण्याला भाव. ऊन लागून काळवंडला की व्यापारी नाक मुरडतो. इथं तोच काळा माल पिळून, वर्षानुवर्षं मुरवून, सोनेरी झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून ठेवलेला. हिनं एक घोट घेतला आणि निकाल दिला, “काकवी. पण चांगल्या घरची.” इंग्रज गृहस्थांनी त्यांच्या वहीत हे कसं लिहावं, या विचारात मी पडलो.

इंग्रजांचा मात्र या दारूवर जुना हक्क आहे, आणि तो त्यांनी रीतसर चोरून मिळवलाय. १५८७ साली फ्रान्सिस ड्रेकनं कादिसच्या बंदरावर धाड घातली आणि स्पॅनिश जहाजं जाळता जाळता शेरीची सुमारे २,९०० पिंपंही पळवली. लंडनला चटक लागली. पुढे शेक्सपिअरच्या फॉलस्टाफनं शेरीवर भर नाटकात व्याख्यान झोडलं. आजही इंग्लंडच्या राजकवीला मानधनाबरोबर शेरी मिळते; कॅरल अ‍ॅन डफी या बाईंनी तर २००९ साली पद घेतानाच आपली शेरी आगाऊ मागितली, कारण आधीच्या कवीला ती मिळालीच नव्हती. आपल्याकडचा कवी शाल-श्रीफळ घेऊन मुकाट घरी जातो.

गोन्सालेस बायास या १८३५ सालच्या बोदेगात तर पिंपांमधल्या जमिनीवर गोड शेरीचा एक ग्लास ठेवलेला असतो आणि त्याला टेकवलेली बोटभर शिडी. ही सोय उंदरांसाठी. एवढ्या दुर्मीळ मालाच्या गोदामात इतर कुणीही आधी पिंजरा लावला असता.

ब्रँडीची कुळकथाही याच वळणाची. डच व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात दोमेक घराण्याकडे द्राक्षाच्या स्पिरिटची मोठी ऑर्डर दिली आणि नंतर माल उचललाच नाही, अशी गोष्ट तिथं सांगतात. पडून राहिलेलं स्पिरिट शेरीच्या रिकाम्या पिंपांत ओतलं गेलं आणि विसरलं गेलं. काही वर्षांनी उघडून बघतात तर ब्रँडी! १८७४ साली ती फुंदादोर या नावानं बाजारात आली. आजही हेरेसची ब्रँडी शेरी मुरलेल्या पिंपांतच, सोलेरा पद्धतीनंच मुरवतात. ग्रान रेसेर्वा म्हणवून घ्यायला निदान तीन वर्षं लागतात आणि चांगल्या त्याहून कितीतरी जास्त थांबतात. कोन्याकवाले तिला गोडसर म्हणून हिणवतात. हिणवू देत. ओलोरोसोच्या पिंपात दशकभर राहिलेली ब्रँडी तळहातावर ऊब देऊन हुंगली, की आपल्या चपट्या बाटलीतलं उसाच्या मळीचं पाणी चमचाभरच का देत असत ते कळतं.

ओसबोर्न कंपनीनं तर ब्रँडीच्या जाहिरातीसाठी मानोलो प्रिएतो या चित्रकाराकडून १९५६ साली एक काळा बैल काढून घेतला आणि देशभर महामार्गांच्या कडेला टेकड्यांवर उभा केला. पुढे रस्त्याकडेच्या जाहिरातींवर बंदी आली. कंपनीनं नाव पुसून बैल नुसता काळा ठेवला. तरी सरकार म्हणालं, काढा. लोक भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये कोर्टानं बैलाला राहू दिलं. चौदा मीटर उंचीचं अतिक्रमण, आणि ते नियमित झालं. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात नवल वाटू नये, पण वाटलं.

परतीच्या आधी खरेदीचा प्रश्न आला. भारतात माणशी दोन लिटर दारू आणता येते. मी ओलोरोसो, पालो कोर्तादो आणि ब्रँडी यांची जुळणी करत दुकानात बेरजा मांडत होतो, तेवढ्यात ही दुसऱ्या फडताळातून एक बाटली घेऊन आली. शेरीचा सिरका. म्हणजे जी शेरी खरोखरच, निर्विवाद, आंबून वाया गेली, ती. पूर्वी बोदेगावाले ही पिंपं लाजेनं मागच्या कोपऱ्यात लपवून ठेवायचे. आता त्याचीही सोलेरा आहे, त्यालाही नियामक मंडळ आहे, आणि दहा वर्षं मुरला की त्यालाही ग्रान रेसेर्वा म्हणतात.

“हा दोन लिटरांत धरत नाहीत,” ही म्हणाली. चौकशी करून आली होती.

घरी ओलोरोसोच्या बाटलीचा तळ लवकरच दिसला. पाहुण्यांना चाखायला दिली तर बहुतेकांनी सोडा मागितला. सिरका मात्र टिकून आहे. हिच्या गाजराच्या कोशिंबिरीत तो अर्धा चमचा पडतो, आणि आमच्या कट्टर निर्व्यसनी काकूंनी परवा ती तीनदा वाढून घेतली.

“काय घातलंयस गं यात? वेगळंच लागतंय.”

“लिंबू संपलं होतं, काकू.”