लिहून ठेवा

"आमच्या सेवेची शिफारस तुम्ही मित्राला किंवा नातेवाइकाला कराल का? शून्य ते दहापैकी एक आकडा सांगा." हल्ली हा प्रश्न बँक विचारते, दवाखाना विचारतो. मिक्सर दुरुस्त करून गेलेला माणूस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असतो, तोच त्याच्या कंपनीचा फोन येतो. या प्रश्नाचे जनक फ्रेडरिक राइकहेल्ड नावाचे अमेरिकन सल्लागार. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या डिसेंबर २००३ च्या अंकात त्यांनी सांगून टाकलं की लांबलचक प्रश्नावल्या बंद करा, हा एकच प्रश्न पुरे. नऊ-दहा म्हणणारे ते आपले भाट, सात-आठवाले काठावरचे, सहा आणि त्याखालचे निंदक. भाटांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा केले की धंद्याचं भविष्य हातात येतं. आपल्याकडे हे काम पोपट करायचा आणि तो हार्वर्डला गेलेला नसायचा.

माझा भाचा ठाण्याला एमबीए करतो. त्याला प्रोजेक्टसाठी 'सेवा-व्यवसायांतील ग्राहकनिष्ठा' हा विषय मिळाला. ठाण्यात उन्हातान्हात फिरण्यापेक्षा भिवंडीत फिरलं तर दुपारी मामीच्या हातचं तरी मिळेल, असा ग्राहकाला शोभणारा विचार करून तो धामणकर नाक्यावर उतरला. जागा मात्र त्याने अचूक निवडली. इकडे कामतघर, तिकडे पद्मानगर, पलीकडे अंजूरफाट्याचा रस्ता. मागवाले, सुतवाले, चहावाले, रिक्षावाले, टेम्पोवाले सगळे इथूनच जातात आणि सगळे एकाच वेळी जातात. सिग्नलला अडकलेल्या माणसाची मुलाखत घेणं सोपं असतं. तो कुठे जाणार?

पण आकडा काही मिळेना. नाक्यावर कुणी सरळ आकडा सांगतच नाही. "तू किती धरलेत?" असं आधी विचारतात. भाचा म्हणाला, मी काही धरलेलं नाही. "तरी पण, अंदाजे?" एका सुताच्या दलालाने सहावरून सुरुवात केली, साडेसातपर्यंत आला आणि तिथे अडून बसला. वर म्हणाला, "दुसऱ्या कुणाला हा भाव सांगू नकोस."

खरी मजा पद्मानगरात आली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ही वस्ती भरवली. तिथल्या एका ओळखीच्या मागवाल्याकडे मी भाच्याला नेलं. त्यांच्याकडचे माग ज्याच्या हाताने चालतात तो जॉबर पंचक्रोशीत नावाजलेला. धोट्याचा आवाज लांबून ऐकून कुठे बिघडलंय ते सांगतो. भाच्याने विचारलं, "तुमच्या जॉबरची शिफारस दुसऱ्या कुणाला कराल का?"

मालक उठले, दार लोटून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "समोरच्याने पाठवलंय का तुला?"

"नाही हो, कॉलेजने."

"मग शून्य लिही. आणि कुणी चौकशी केलीच, तर दारू पितो म्हणून सांग. पीत नाही, पण सांग."

राइकहेल्डसाहेबांचं शास्त्र इथे गचकन बसलं. दहापैकी अकरा द्यावेत असा माणूस, म्हणून त्याला शून्य. घरी येऊन मी हे सांगितलं तर बायकोला त्यात नवल वाटेना. तिच्या ब्लाउजवालीचं नाव तिने सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. लग्नात कुणी विचारलं, "अगं, फिटिंग काय सुरेख आहे, कुठे शिवलास?" की ती म्हणते, "ठाण्याला कुठे तरी." ब्लाउजवाली आमच्या खालच्या मजल्यावर राहते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला भिसीत नेलं. भिसी म्हणजे मागावरच्या परप्रांतीय कामगारांची खानावळ. मागावरची पाळी बारा तासांची, त्यामुळे घरी चूल पेटवायला वेळ नाही आणि बऱ्याचदा घरात चूलही नाही. डाळ, भात, रोटी, भाजी असं ठरलेलं जेवण, पैसे पगार झाल्यावर. उत्तर प्रदेशवाल्यांची भिसी वेगळी, बिहारींची वेगळी, तेलुगूंची वेगळी. रोटी जाड की पातळ, भात उकडा की साधा, आमटीत चिंच पडणार की नाही, यावर माणूस कुठे बसणार ते ठरतं. मार्केटिंगच्या पुस्तकात याला 'सेगमेंटेशन' म्हणतात असं भाच्याने सांगितलं. भिसीवाल्या चाचांनी ते ऐकून घेतलं आणि भाच्यापुढे थाळी सरकवली.

"चाचा, गिऱ्हाईक टिकतं कसं?"

"जाएगा कहाँ? पिछले महीने का बाकी है उसका."

"मग तुम्ही त्याला बंद का नाही करत?"

"मैं कहाँ जाऊँ? मेरा बाकी है ना उसके पास."

मला तरी ग्राहकनिष्ठेची याहून नेमकी व्याख्या कुठे मिळालेली नाही. भाच्याने मात्र ती लिहून घेतली नाही, कारण त्याच्या फॉर्मवर तिला रकाना नव्हता. त्याने दुसरा दाखला काढला. हेच राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण नुसतं पाच टक्क्यांनी रोखलं, तरी धंद्याप्रमाणे नफा २५ ते ८५ टक्के वाढू शकतो. चाचा बराच वेळ हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "ये साहब उधारी वसूल करने आएँगे क्या?"

आम्ही तिथे बसलो होतो तेवढ्या वेळात डाळ पातळ असल्याची तक्रार सगळ्या पंगतीने केली. चाचा ढिम्म. मी म्हटलं, ऐकून घेता तरी कसं? त्यांनी कोपऱ्यात खाली मान घालून जेवणाऱ्या एका पोराकडे बोट दाखवलं. "वो कल से कुछ नहीं बोल रहा. वो जाएगा."

चाचांनी अल्बर्ट हर्शमन वाचलेला नाही याची मी खात्री देऊ शकतो. या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं ते नेमकं यावरच. नायजेरियाची रेल्वे वाईट चालली होती. शेजारून मालाचे ट्रक धावू लागले, तर स्पर्धेने रेल्वे सुधारायला हवी होती. झालं उलटं. जे व्यापारी सर्वांत जास्त आरडाओरडा करू शकले असते तेच आधी ट्रककडे गेले, मागे राहिले त्यांना आवाज नव्हता आणि रेल्वे निवांत वाईट चालत राहिली. हर्शमनचं म्हणणं, नाराज गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलणं. निष्ठा त्या जाणाऱ्याचा पाय जरा वेळ अडकवून धरते, तेवढ्यात तो बोलून घेतो. डाळीवरून ओरडणारी ती सबंध पंगत म्हणजे चाचांचे भाट होते. हार्वर्डच्या हिशेबाने ते निंदकांत गेले असते.

आणि जिथे निघून जाताच येत नाही तिथे? त्याचंही उदाहरण गावातच आहे. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून महावितरणचं वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेलं. फ्रँचायझी पद्धतीचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग. त्याआधी गळती आणि थकबाकी मिळून ५८ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे दिलेल्या निम्म्याहून जास्त विजेचे पैसे परत येतच नव्हते. विजेवर इतकं निखळ प्रेम, की बिलाचा विटाळही नको. पुढे काही वर्षांत तो आकडा वीसच्या आत आला. आता मीटर आवडलं नाही म्हणून कुणाला पलीकडच्या दुकानातून वीज आणता येत नाही. मग भिवंडीकर बोलतो. मोर्चे, निवेदनं, सभा, फलक. चहाच्या टपरीबद्दल इतकं कुणी कधी बोललं नाही. चहा बिघडला की माणूस मुकाट्याने दोन टपऱ्या पुढे सरकतो.

भाच्याला वाटलं, नुसतं विचारत फिरण्यापेक्षा प्रयोग करावा. त्यासाठी त्याने माझं सलून निवडलं. अमेरिकेत जोसेफ नूनेस आणि झेव्हिए द्रेझ या दोघांनी २००६ मध्ये एक संशोधन छापलं होतं. गाड्या धुणाऱ्या एका ठिकाणी त्यांनी ३०० कार्डं वाटली. निम्म्या लोकांना आठ शिक्क्यांचं कार्ड, आठ भरले की एकदा गाडी फुकट. उरलेल्या निम्म्यांना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. काम दोघांनाही सारखंच, आठ वेळा गाडी धुवायची. तरी पहिल्यांतल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यांतल्या ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली आहे, एवढ्या भासावर माणूस पुढे चालत राहतो. ज्यांनी भिवंडीत घराचं बुकिंग केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

भाच्याने छान गुळगुळीत कार्डं छापून आणली. दहा कटिंगवर एक फुकट, दोन शिक्के आधीच मारलेले. पहिल्या गिऱ्हाइकाने कार्ड निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे दोन कटिंग कुणाचे? मी तर गेल्या महिन्यात गावी होतो." दुसऱ्याला वाटलं आपल्या नावावर दोन कटिंगची उधारी दाखवतायत, तो भांडायला उठला. तिसरे आमच्या इमारतीतले काका. त्यांच्या डोक्यावर कानांच्या मागे तेवढी हिरवळ उरलेली. ते म्हणाले, "माझं अर्धंच काम असतं. मला वीस शिक्क्यांचं दे, पण त्यातले बारा मारून दे." चौथ्याने कार्ड खिशात घातलं, पँट धुवायला गेली, आणि तो परत आला तेव्हा शिक्क्यांच्या जागी निळा ढग होता.

शेवटी सलूनवाल्यानेच मार्ग काढला. कार्डं गिऱ्हाइकांना द्यायचीच नाहीत. सगळी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि शिक्का आपणच मारायचा. पुढे शिक्काही कंटाळवाणा वाटला म्हणून त्याने पेनाने लिहायला सुरुवात केली. जागा उरते म्हणून बाजूला बाकीही लिहू लागला. दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा ग्राहकनिष्ठेचा तो अमेरिकन प्रयोग व्यवस्थित खातेवही होऊन रबरबँडमध्ये बांधलेला होता. माझ्या कार्डावर माझ्या नावाऐवजी 'कान सांभाळून' एवढंच लिहिलेलं. मी ते सलून का सोडत नाही, याचं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. नव्या न्हाव्याला आपल्या कानांचा इतिहास पहिल्यापासून कोण सांगत बसणार?

इथवर गिऱ्हाइकाची निष्ठा झाली. भिवंडीतल्या मूळ धंद्यात मात्र गिऱ्हाईक सुटं असतं आणि निष्ठा सेवा देणाऱ्याच्या बोकांडी बसलेली असते. बरेच मागवाले जॉबवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मागवाल्याला पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, काही पैसे मजुरी. ती मजुरी तीन-तीन महिने येत नाही. व्यापारी सोडावा तर मागचं बुडतं, म्हणून मागवाला त्याचंच पुढचं बीम चढवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जुने संबंध! सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती केली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करात धरायचा नाही, असं प्राप्तिकर कायद्याचं कलम १ एप्रिल २०२४ पासून आलं. त्यावर कापडबाजारात जी पळापळ झाली, ती पाहून या संबंधांत प्रेम किती आणि अडकलेलं पेमेंट किती हे कळायला फॉर्म भरून घ्यायची गरज उरली नाही.

चाचांची गोष्ट याच्या उलट जाते, म्हणून मला ती जास्त पटते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, भिवंडीहून गोरखपूरकडे कामगारांची खास गाडी सुटली, माणसं गेली, माग थांबले, भिशांच्या चुली विझल्या आणि वहीतली बाकी वहीतच राहिली. चाचांनी ती सोडून दिल्यात जमा होती. काही महिन्यांनी एक जण परत आला. दारातूनच त्याने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, म्हणाला, "अब भी इतनी ही पतली?" आणि मग खिशातून नोटा काढल्या.

ऑनलाइनवाल्यांना हे जमायचं नाही, जरी त्यांची गोदामं आमच्याच उशाला आहेत. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, जिकडे पाहावं तिकडे पत्र्याची छपरं. सगळा देश 'तुमचं पार्सल भिवंडीत पोहोचलं' असं वाचून खूश होतो. बायकोने मागवलेला कुकरही भिवंडीतूनच निघाला आणि कुठल्या कुठल्या गावांचं दर्शन घेऊन भिवंडीत परत आला. मध्ये तिने चार दिवस काही मागवलं नाही, तर 'आम्हाला तुमची आठवण येते' असा निरोप, सोबत कूपन. तेव्हापासून ती मुद्दाम चार दिवस रुसते. नाक्यावरचा भाजीवाला तीच आठवण फुकटात काढतो. "भाभी, दिखे नहीं, गाँव गए थे?" वर कोथिंबीरही देतो. तिथे मात्र तिला रुसता येत नाही. उलट दुसरीकडून आणलेल्या भाजीची पिशवी त्याच्यासमोरून नेताना ती पदराखाली धरते.

प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी भाचा शेवटची मुलाखत घ्यायला वडापाववाल्याकडे गेला. सोबत मी होतोच. नाक्यावर एकच विषय चालू होता, मेट्रो. एमएमआरडीए बांधत असलेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो पाचचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला पंतप्रधानांच्या हस्ते झालं आणि तिचा पहिला टप्पा ठरला तो कापूरबावडी ते धामणकर नाका. खांब उभे राहिले तेव्हापासून नाक्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला एकच प्रश्न छळतो, आणि तो शून्य ते दहामध्ये बसत नाही.

"तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला सोडून का जाईल?" भाच्याने विचारलं.

"जिना," वडापाववाला म्हणाला.

"म्हणजे?"

"स्टेशनचा जिना ह्या बाजूला उतरला तर जाणार नाही. त्या बाजूला उतरला तर त्याच्याकडे जाईल." रस्त्यापलीकडच्या गाडीकडे त्याने झारा रोखला. "माझी चटणी खाऊन मोठी झालेली पोरं आहेत. पण ऑफिसातून दमून आलेलं माणूस चटणीसाठी रस्ता ओलांडत नाही." मग त्याने भाच्याकडे जरा आशेने पाहिलं. "तुमचं हे एमबीए झालं की एमएमआरडीएतच लागतं ना?"

"नाही."

"काहीच ओळख नाही तिथे?"

"नाही."

"मग दोन वर्षं कशाला घालवता?" असं म्हणून त्याने पुढचा घाणा तेलात सोडला. भाच्याने पैसे द्यायला मोबाइल पुढे केला, तर त्याने मान हलवली. "राहू दे. मामांच्या नावावर लिहितो."