स्काऊटचा चार्ज

(माध्यमिक शाळेतली स्काऊटची खोली. निम्मी खोली स्काऊटची, उरलेल्या निम्म्यात पोषण आहाराची रिकामी पोती. टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर. खुर्चीत निवृत्तीला आलेले स्काऊट मास्तर, म्हणजे मावळते सर. दारात नवे शिक्षणसेवक, म्हणजे उगवते सर.)

मावळते सर : या, या. डावा हात द्या.

उगवते सर : डावा?

मावळते सर : स्काऊटमध्ये हस्तांदोलन डाव्या हातानं करतात. उजवा सहीला मोकळा राहतो. ही इथे करा. आणि ही खाली.

उगवते सर : सर, ही कसली सही?

मावळते सर : स्काऊटचा चार्ज मिळाल्याची.

उगवते सर : पण अजून मला काहीच मिळालेलं नाही.

मावळते सर : एकदा सही होऊ द्या. मग मिळायचं थांबत नाही.

उगवते सर : माझीच निवड का झाली, हे तरी कळू दे. मी गणिताचा माणूस.

मावळते सर : तुम्ही अर्जात लिहिलं होतं, छंद : गिर्यारोहण.

उगवते सर : राजगडावर एकदा गेलो होतो, सर. तेही पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाऊन परत आलो.

मावळते सर : एवढी पात्रता आमच्या स्टाफमध्ये दुसऱ्या कुणाची नाही. शिवाय हे काम स्वेच्छेचं आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे जातं.

उगवते सर : शिक्षणसेवकाला नाही म्हणता येतं का?

मावळते सर : तीन वर्षं तरी नाही. म्हणून तर स्वेच्छेनं काम करायला शिक्षणसेवकासारखा माणूस नाही. चला, डेडस्टॉक बघू. वाचा.

उगवते सर : तंबू, चार नग. इथे तीन दिसतायत.

मावळते सर : चौथा एका सन्माननीय संस्थाचालकांच्या घरच्या लग्नात आचाऱ्यांवर उभारला होता. लग्न झालं. त्या जोडप्याची मुलगी आता आपल्याकडे पाचवीत आहे.

उगवते सर : आणि तंबू?

मावळते सर : मागायचा कुणी? नियमच आहे, स्काऊट विनयशील असतो.

उगवते सर : सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करतो, असाही एक नियम आहे ना?

मावळते सर : आहे. नियम नऊ आहेत. एकेक पाळत जायचं. पुढे.

उगवते सर : लाठ्या, चोवीस. मोजल्या, नऊ आहेत. दोर, अकरा. सहा दिसतात. बिगुल, एक. सर, याला तोंडच नाही.

मावळते सर : तोंड गाईड कॅप्टन बाईंच्या कपाटात आहे.

उगवते सर : बिगुल आपला आणि तोंड त्यांचं?

मावळते सर : त्यामागे इतिहास आहे. आपल्या देशात मुलांच्या दोन संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला एकत्र आल्या आणि भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ ला त्यात आली. दिल्लीत विलीनीकरण पूर्ण झालं. ते अजून आपल्या कपाटापर्यंत पोचायचंय.

उगवते सर : सर, रजिस्टर आणि खोली यांचा काही मेळ बसत नाही. मी सही कशी करू?

मावळते सर : मी कशी केली होती? माझ्या आधीच्या सरांनी सांगितलं, ‘यथास्थित मिळाले’ असं लिहा. ज्या स्थितीत होतं त्या स्थितीत मिळालं. त्यात खोटं काय?

उगवते सर : बरं, ते राहू द्या. काम काय असतं ते सांगा.

मावळते सर : सोपं आहे. दर शनिवारी पथकाची सभा. गाठी, प्रथमोपचार, नकाशा, खेळ, गाणी, शेकोटी. प्रवेशापासून सुरुवात, मग प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार.

उगवते सर : छान आहे की!

मावळते सर : हे मुलांचं काम झालं. तुमचं सांगू? जूनमध्ये पथकाची नोंदणी. ती ऑनलाइन करायची आणि त्याच कागदांच्या तीन प्रती जिल्हा संघटकांकडे हातानं द्यायच्या. जुलैत वर्गणी गोळा करायची. ऑगस्टमध्ये ज्यांनी दिली नाही त्यांची स्वतःच्या खिशातून भरायची. नोव्हेंबरात ध्वजदिनाची स्टिकर्स विकायची.

उगवते सर : ती विकली गेली नाहीत तर?

मावळते सर : माझ्या स्कूटरवर किती आहेत बघा. मग डिसेंबरात शिबिर. एका रात्रीचं. त्यासाठी पालकांचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांचं पत्र, संस्थेचा ठराव, शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, आरोग्य केंद्राला पत्र, पोलीस ठाण्याला पत्र, एसटीच्या प्रासंगिक कराराचा अर्ज.

उगवते सर : आणि परवानगी कधी येते?

मावळते सर : येते. जानेवारीत येते. त्यात लिहिलेलं असतं, ‘डिसेंबरमध्ये शिबिर घेण्यास हरकत नाही.’

उगवते सर : मग शिबिर?

मावळते सर : शाळेच्या मैदानावर. मुलं खूश असतात. खरा वैताग पालकांचा. ग्रुपवर मेसेज सुरू होतात. एक बाबा विचारतात, ‘आमच्या चिरंजीवांना खाली झोपवलं का?’ एक आई म्हणते, ‘त्याला भांडी घासताना फोटोत पाहिलं, घरी तो ताटसुद्धा उचलत नाही, हे कसं केलंत ते सांगा.’ भांड्यांशिवाय स्वयंपाकाचा कार्यक्रम ठेवला, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून भाजायचा, तर संध्याकाळी फाटकाशी अठरा डबे आले. आणि एक गृहस्थ दरवर्षी ठरलेले. तंबू बघत नाहीत, मुलगा बघत नाहीत. विचारतात, ‘दहावीला याचे गुण किती वाढतील?’

उगवते सर : पैशांचं काय?

मावळते सर : स्काऊट काटकसरी असतो. हाही नियमच आहे. म्हणून फार पैसे कुणी देत नाही. पण खरी कमाई असते. मुलांनी कष्ट करून चार पैसे मिळवायचे. मागच्या वर्षी भेळेचा स्टॉल लावला. मुलांनी चिरमुरे आणले, कांदा चिरला, चिंचेची चटणी घरून आणली. धंदा झाला. मी हिशोब ऑफिसात दिला. आपले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, कोथिंबिरीची पावती कुठाय?

उगवते सर : कोथिंबिरीची?

मावळते सर : दोन जुड्या. बाजारातल्या मावशींकडे मी दोनदा गेलो. म्हटलं, मावशी, पावती द्या. त्या म्हणाल्या, गुरुजी, परत करायची असेल तर तशीच करा, वाळलेली असली तरी घेते.

उगवते सर : सर, याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

मावळते सर : त्या भाजणाऱ्याला निदान पिठाची पावती मागत नव्हते.

उगवते सर : हे सगळं सांभाळायचं प्रशिक्षण तरी मिळतं?

मावळते सर : मिळतं ना. आधी बेसिक, मग ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. निवासी कोर्स असतात. पन्नाशीतले मास्तर हाफ चड्डीत रांगेत उभे. पहाटे उठायचं, तंबूपुढची जागा झाडायची, आपापल्या संघाची आरोळी द्यायची. शेवटी गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी.

उगवते सर : एवढं करून दोन मणी?

मावळते सर : साधे समजू नका. १९१९ मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कला पहिला कोर्स झाला. दिनिझुलू नावाच्या झुलू राजाची माळ स्काऊट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलकडे होती, तिच्यातले मणी तेव्हा वाटले, असं सांगतात.

उगवते सर : मग त्या कोर्सात नोंदणी, परवानग्या, पावत्या हे शिकवतात?

मावळते सर : छे! तिथे शिकवतात मुलांना मोठं कसं करायचं. फार सुंदर शिकवतात. परत आलं की युडायस, बीएलओ, पोषण आहार आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म यांच्यामधून मुलांपर्यंत जायला वाट काढायची. बेडन-पॉवेल मॅफेकिंगच्या वेढ्यात २१७ दिवस तग धरून राहिला म्हणतात. पण त्याला बीएलओचं काम नव्हतं.

उगवते सर : त्याच्यापाशी सैन्य होतं, सर.

मावळते सर : कमी पडत होतं! म्हणून तर गावातली पोरं कामाला लावली. निरोप न्यायचे, टेहळणी करायची. ती पोरं जबाबदारीनं वागली हे त्यानं पाहिलं. पुढे १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर वीसएक मुलं नेली, त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांतलाच एक नायक दिला. सगळी चळवळ त्यातून निघाली. सहा-आठ पोरांचा संघ, त्यांचा संघनायक आणि संघनायकांची सभा. स्काऊट मास्तरनं बाजूला उभं राहायचं.

उगवते सर : बाजूला? मग आपण मधोमध कसे आलो?

मावळते सर : कागद आपल्या नावानं येतात ना. कागद आला की आपण खुर्चीवर बसतो. आपण बसलो की पोरं उभी राहतात आणि विचारतात, ‘सर, पुढे काय करू?’ एकदा माझा पाय मोडला. दोन महिने घरी होतो. शनिवारची सभा एकदाही चुकली नाही, असं कळलं. पाय बरा झाला, मी रुजू झालो आणि पुढच्याच शनिवारी सभा रद्द. मी नोंदणीचे फॉर्म भरत होतो, पोरं माझी वाट बघत होती.

(दारात एक मुलगा. गळ्यात स्कार्फ, हातात चाळीस पानी वही.)

संघनायक : आत येऊ का, सर?

मावळते सर : ये. हा नववी ब. साहित्याची जबाबदारी याच्या संघाकडे आहे. काय रे?

संघनायक : सर, रविवारच्या हाइकसाठी दोर लागणार आहेत. अकराच्या अकरा.

उगवते सर : सहाच आहेत, बाळ.

संघनायक : (वही उघडून) नाही सर, अकरा आहेत. सहा खोलीत. एक विहिरीवर, शिपाईमामांनी बादलीला बांधलाय. एक आठवी अच्या खिडकीला, कडी तुटलीय म्हणून. दोन पोषण आहाराच्या गोणींना. एक भाऊसाहेबांच्या जुन्या फायलींना.

उगवते सर : (रजिस्टर आणि वही शेजारी ठेवून) आणि लाठ्या?

संघनायक : चोवीस. नऊ इथे. दहा झेंड्यांना लावल्यात, त्या ग्रंथालयाच्या माळ्यावर. चार व्हॉलीबॉलच्या नेटला. एक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, माकडांसाठी.

मावळते सर : आणि चौथा तंबू? तो जाऊ दे. तो गेला.

संघनायक : नाही सर. संस्थेच्या गोडाऊनमध्ये आहे. संस्थाचालकांच्या घरची मुलगी पाचवीत आहे ना, तिला विचारलं. दोन खुंट्या कमी आहेत. तिला म्हटलं, पुढच्या वर्षी गाईडमध्ये आलीस की घेऊन ये. ती म्हणाली, उद्याच आणते.

मावळते सर : (बराच वेळ वही चाळून) बारा वर्षं मी त्या तंबूसाठी पत्रं लिहायचा विचार करत होतो.

उगवते सर : ही वही कुणी ठेवायला सांगितली?

संघनायक : कुणी नाही. सर घरी होते तेव्हा आम्हाला दोर सापडेनात. मग सभेत ठरलं, जो नेईल त्याची सही घ्यायची. शिपाईमामांचीपण आहे.

उगवते सर : भाऊसाहेबांची?

संघनायक : त्यांनी सही दिली नाही. म्हणाले, वरिष्ठांची परवानगी लागेल. मग मी ‘पाहून घेतले’ असं लिहिलं आणि दोघांना साक्षीदार ठेवलं.

उगवते सर : आणि हाइकची परवानगी? त्याचे अर्ज?

संघनायक : जून महिन्यातच टाकलेत, सर. दरवर्षी जानेवारीत उत्तर येतं, म्हणून सहा महिने आधी टाकले. हे आलं कालच.

मावळते सर : अरे, हे मला का नाही सांगितलं?

संघनायक : तुम्ही कामात होतात, सर.

(क्लार्क येतात.)

क्लार्क : झाला का चार्ज? आज पत्र जायचंय.

उगवते सर : घेतो. पण मी रजिस्टरवर सही करणार नाही. चार्ज या वहीवरून घेईन.

क्लार्क : विद्यार्थ्याच्या वहीवरून? तिला पान क्रमांक नाहीत, शिक्का नाही, मुख्याध्यापकांचा दाखला नाही. ऑडिटला काय दाखवू? विहिरीवरची बादली?

उगवते सर : ऑडिटवाल्यांना दोर मोजायचा असेल तर विहिरीवरच जावं लागेल, भाऊसाहेब. रजिस्टरमध्ये तो कधीच सापडणार नाही. आणि एक दोर तुमच्या फायलींचा आहे, तेवढा रविवारी सोडून द्या.

क्लार्क : फायली सुटतील की!

मावळते सर : सुटू द्या. थोडी हवा लागेल.

क्लार्क : माझं काय जातंय? पण नियम म्हणजे नियम. वहीवर शिक्का मारायचा तर आधी पानं मोजून शेवटच्या पानावर लिहावं लागतं, ‘या वहीत एकूण इतकी पाने आहेत.’

उगवते सर : मग शिक्का आणा. मी लिहितो, तुम्ही मारा. संघनायक, पानं मोज.

संघनायक : छत्तीस, सर.

क्लार्क : चाळीस पानी वहीत छत्तीस? चार पानं कुठे गेली? दप्तरातली पानं गहाळ म्हणजे साधी गोष्ट नाही!

संघनायक : गहाळ नाहीत, भाऊसाहेब. खरी कमाईच्या दिवशी कागद संपले होते, तेव्हा भेळ त्यात बांधली. चारपैकी दोन पुड्या तुम्हीच नेल्या होत्या. पावती नको म्हणालात.