घरभर गाणं, पण हळू

श्टुटगार्ट,
रविवार

तीर्थरूप आई-बाबा,


बाबा, घरभर वाजणारे बिनवायरचे स्पीकर आम्ही कसे निवडले, असं तुम्ही विचारलंत. ते फोनवर सांगत बसले असते तर आईची भाजी करपली असती, म्हणून हे पत्र.

आधी ‘बिनवायरचे’ या शब्दावर भुलू नका. वायर जाते ती गाण्याची, विजेची राहतेच. त्यामुळे तुमच्या जावयांनी खोल्यांच्या आधी प्लग मोजले. स्वयंपाकघरात एकच प्लग मोकळा होता, त्यावर मिक्सरने हक्क सांगितला आणि तिथे बॅटरीवाला स्पीकर आला.

ब्लूटूथचा स्वस्त पडतो, पण त्यात गाणं फोनकडून स्पीकरकडे जातं. फोन खिशात घालून हे तळघरात कपडे धुवायला गेले की किशोरीताई आलापाच्या मध्यावर गप्प. वायफायचा स्पीकर गाणं इंटरनेटवरून स्वतःच घेतो, फोन नुसता रिमोट. शिवाय सगळे स्पीकर घड्याळं जुळवून एकदम वाजतात. हे नीट जुळलं नाही, म्हणजे ३०-४० मिलिसेकंदांहून जास्त फरक पडला, की कानाला तेच गाणं दोनदा ऐकू यायला लागतं आणि तंबोऱ्यासकट गायिका दोन होतात.

कंपन्यांचं मात्र साडूसाडूंसारखं आहे, एकमेकांकडे जाणं-येणं नाही. एअरप्ले २ मुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एकत्र वाजतात खरे, पण त्याला ॲपलचा फोन लागतो. तो यांच्याकडे आहे, माझा अँड्रॉइड. म्हणून सगळे एकाच कंपनीचे घेतले. इथल्या काँक्रीटच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जाता जाता दमतं, तेव्हा लांबच्या खोलीतला स्पीकर २.४ वर टाकलाय.

एक धोका सांगते. वायफायवर असलेल्या कुणालाही कुठल्याही खोलीतलं गाणं बदलता येतं. मी देवापुढे उदबत्ती ओवाळत होते, भीमसेनजींचा अभंग चालू होता, आणि थोरलीने आपल्या खोलीतून तिथे जर्मन रॅप सोडलं. धाकटा टाळ्या वाजवत राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकच दणदणीत स्पीकर घ्यायचा! इथे रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी तर दिवसभर. हॉलमधलं गाणं स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की ते आधी खालच्या आजींना ऐकू जातं. प्रत्येक खोलीत एक छोटा स्पीकर असला की सगळेच हळू वाजवता येतात. आम्ही पैसे मोजले ते या हळूपणाचे.

म्हणून बाबा, न्हाणीघरात सातच्या बातम्या ऐकू याव्यात म्हणून तुम्ही हॉलमधला रेडिओ सोसायटीला ऐकवता, त्याऐवजी दोन छोटे घ्या. आकाशवाणी इंटरनेटवर मिळते. न्हाणीघरातला पाणी सोसणारा बघा. आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइट गेली की बॅटरीवाला स्पीकरही मुका.

ॲप आईच्या फोनवर टाका. म्हणजे निदान तुम्हाला कमी करायला सांगत तिला घरभर फिरावं लागणार नाही.

तुमची,
ताई